दुकानाच्या नावाची बंदूक

हात आधी

बटाटे काढायच्या यंत्राच्या साखळीत आल्सीदचा उजवा हात गेला तेव्हा त्याची बायको लॉरेट त्याच शेतात, पलीकडच्या सरीत वाकलेली होती. किंकाळी आली नाही. यंत्र थांबलं, एवढंच. यंत्र थांबलं की शेतात कानठळ्या बसवणारी शांतता होते. त्या शांततेत आल्सीद म्हणाला, "हात्तिच्या." जणू बादली लवंडली होती.

अंगठा गेला. त्याच्या शेजारचं बोट गेलं. उरलेला हात टोपीत गुंडाळून तो मुकादमाला विचारत होता, "माझी रांग कोण काढणार?"

लॉरेटला त्याआधी भीती माहीत नव्हती असं नाही. नदीची होती, चुलीतल्या ठिणगीची होती, पोरीच्या तापाची होती. त्या सगळ्या भीतींना नावं होती. आता जी आली तिला नाव नव्हतं. लॉरेट भांडी घासायला उभी राहिली की ती मागे येऊन उभी राहायची.

मग मांस

तळघरात बटाटे होते. वाटाणे होते. कुट्टूचं पीठ होतं, त्याच्या 'प्लॉय', म्हणजे धिरडीच, रोज सकाळी तव्यावर टाकायच्या. जाळीदार, एकाच बाजूनं भाजलेल्या. त्यांवर लावायला मात्र काही नव्हतं. दरवर्षी नोव्हेंबरात आल्सीद एक हरीण मारायचा आणि त्यावर घर वसंतापर्यंत जायचं. पण बंदूक त्याच्या थोरल्या भावाची. भाऊ कनेक्टिकटला कारखान्यात गेला आणि जाताना बंदूक घेऊन गेला.

"तिथे काय मारणार आहे तो?" लॉरेट म्हणाली. "मुकादम?"

आल्सीद हसला नाही. चुलीजवळ बसून तो हाताच्या उरलेल्या तीन बोटांकडे बघत होता, दुसऱ्याच्या मुलांकडे बघावं तसा.

"बंदूक मिळाली तरी," तो म्हणाला, "तिचा उभा केलेला घोडा कशानं हळू खाली सोडू? त्याला अंगठा लागतो."

"मी जाईन."

"तू?"

"अंगठे आहेत मला."

त्यानं चुलीत एक लाकूड सारलं. मग म्हणाला, "लोक मला एप्रन शिवून देतील." त्यांची सहा वर्षांची गिलेन टेबलाखालून म्हणाली, "कुठला रंग, पापा?" तेव्हा मात्र दोघंही हसली.

नळीवर जे लिहिलं होतं

रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर मादाम युडॉक्सीनं लॉरेटचा दंड धरला. सत्तरीची विधवा, काळा कोट, हाताची पकड सुताराची.

"पोरी, तुला बंदूक हवीय म्हणे."

तिच्या गोठ्यात आता जनावरं नव्हती. मागच्या भिंतीवर, थंडीत, दोन खिळ्यांवर बंदूक आडवी टांगलेली होती. आल्सीदनं डाव्या हातानं ती खाली घेतली. दस्त्याखाली लोखंडी कडी. ती खाली ओढून वर केली की नवं काडतूस नळीत जातं आणि घोडा उभा राहतो. गावातल्या प्रत्येक घरात असते तशी. आल्सीदनं ती उजेडात धरली आणि डोळे बारीक केले.

"'नॉर्दर्न होम अँड फार्म'. अहो, हे दुकान आहे! इथे लोक मोजे घेतात."

"मोजेही चांगले असायचे," मादाम म्हणाली.

"माझा चुलतभाऊ फिलियास पोट धरून हसेल."

"फिलियास हरीण आहे का? मरणारं हरीण नळीवरचं नाव वाचत नाही."

आल्सीदनं दस्ता उलटसुलट केला. "आतून तीच आहे," तो लॉरेटला म्हणाला; पण खरं तर स्वतःला समजावत होता. "मोठ्या कारखान्यातच बनते. फक्त अक्रोडाऐवजी बर्चचं लाकूड लावतात आणि नाव दुकानाचं ठोकतात." त्यानं नळीला नाक लावलं. "डुकराची चरबी?"

"ओव्हीद प्रत्येक गोष्टीला तीच लावायचा. बिजागऱ्यांना, बुटांना, हिला. तो गेल्यावर मीही तेच करत आले. गंज नाही बघ कुठे."

ओव्हीद म्हणजे तिचा नवरा. तो बंदुकीनंच गेला हे सगळ्या खोऱ्याला माहीत होतं. स्वयंपाकघरात. स्वतःहून, असं लोक आवाज खाली आणून म्हणत, आणि मादाम दिसली की हवापाण्यावर येत.

"पैसे नकोत मला," ती म्हणाली. "माझी सरपणाची खोपी आढ्यापर्यंत भरून द्या. आणि एक. ही घरात न्यायची नाही. कधीच नाही. थंडीतच ठेवायची."

"हे काय सांगायला हवं?" आल्सीद म्हणाला. "उबेत नेली की लोखंडाला घाम फुटतो." खोऱ्यात सगळेच बंदुका ओसरीत, खोपीत ठेवतात.

मादाम त्याच्याकडे बघत नव्हती. ती लॉरेटकडे बघत होती.

"घाम," ती म्हणाली. "हो. घाम."

वाटेत

"तीच का रे ती बंदूक?"

"कोणती?"

"सोंग घेऊ नकोस. ओव्हीदची."

"त्याच्याकडे दुसरी कुठली होती?"

"आणि आपण ती घ्यायची?"

"बंदुकीचा काय दोष, लॉरेट? माणसाचं मन होतं ते. दोरी असती तर दोरी फेकून दिली असतीस?"

"हो."

"मग कपडे कशावर वाळत घातले असतेस?"

"आल्सीद, माझ्या पोटात गोळा येतो."

"भुकेचा असेल."

लाकूड

मेपल ओला असला की करवत चावा घेते आणि सोडत नाही. दोघांची करवत, एका टोकाला लॉरेट दोन्ही हातांनी, दुसऱ्या टोकाला आल्सीद डाव्यानं. तो ओढायचा तेव्हा ओढ तिरकी यायची आणि पातं अडकायचं. मग तो शिवी घालायचा, लाकडाला. ती पाचर ठोकायची. पुन्हा.

फोडायचं काम तिचंच. कुऱ्हाड वर नेताना खांद्यात कळ यायची, खाली येताना जायची. आल्सीद फोडलेली लाकडं छातीशी धरून खोपीत रचायचा. उजव्या अंगठ्याचं थोटूक चुकून लाकडाच्या कडेला लागलं की तोंडातून हवा आत ओढायचा आणि दुसरीकडे बघायचा. तीही दुसरीकडे बघायची. लग्नाला बरीच वर्षं झाली की एवढं जमतं.

आल्सीदचा चुलतभाऊ फिलियास एकदा गाडी थांबवून काच खाली करून बसला.

"वा आल्सीद! बायको फोडते, तू रचतोस. जेवणही तूच करतोस का?"

"ये जेवायला," आल्सीद म्हणाला. "पण ताट आणि जेवण घरून घेऊन ये."

गाडी गेल्यावर त्यानं हातातलं लाकूड इतक्या जोरात आपटलं की रचलेली रांग ढासळली. दोघांनी ती पुन्हा रचली.

दुपारी मादाम वाटाण्याचं सूप द्यायची. तिच्या स्वयंपाकघरात चुलीच्या डाव्या बाजूला एकही खुर्ची नव्हती. लॉरेट सवयीनं उबेकडे सरकली, तर म्हातारीनं तिचा वाडगा उचलून दुसऱ्या बाजूला नेलं. "इकडे. तिकडे वारा येतो." वारा येत नव्हता. लॉरेटनं सूप संपवलं. तोंडाला चव नव्हती.

खोपी आढ्याला लागली त्या दिवशी पहिला बर्फ भुरभुरला. मादामनं बंदूक गोठ्यातून आणली आणि आल्सीदच्या पुढे केलेल्या हातात न देता लॉरेटच्या हातात दिली. ती वाटली होती त्यापेक्षा जड होती, आणि मेलेल्या जनावरासारखी थंड.

देवदारांच्या कडेला

भरायचं काम आल्सीदचं. डाव्या हातानं तो बाजूच्या फटीतून एकेक काडतूस आत ढकलायचा. ती नळीखालच्या दुसऱ्या नळीत, एकामागे एक, स्प्रिंगवर दाबून बसायची. हे तरी माझ्याकडे राहू दे, असं तो म्हणाला नव्हता. पण लॉरेटनं ते राहू दिलं.

बाकी सगळं तिचं. पहाटे ती कापलेल्या शेताच्या टोकाला, देवदारांची दलदल सुरू होते तिथे, आडव्या पडलेल्या झाडामागे बसायची. अंगावर केशरी जाकीट, नवऱ्याचं. मागे थोड्या अंतरावर नवरा, बर्फात खोचलेल्या खुंटासारखा. घोड्यावर तिचा अंगठा. बोटं बधिर झाली की अंगठा आहे की नाही ते बघून खात्री करावी लागे. तो निसटला तर. मी शिंकले तर. फांदी अडकली तर. आल्सीद उठून पुढे आला आणि मी वळले तर. तिनं हरणाचा विचार फारसा केलाच नाही. ती बंदुकीवर पहारा देत होती.

हरीण आलं नाही. माद्या आल्या, पण त्या मारायचा परवाना नव्हता. एक शिंगवाला दूर, धुक्यात, कुणाच्या तरी बैलासारखा चालत गेला. तिनं बंदूक उचललीही नाही.

"दिसला नाही?" आल्सीद.

"दिसला."

"मग?"

"त्याच्यामागे तुझ्या मामाचं घर होतं."

"ते अर्धा मैल मागे आहे, बाई."

"गोळीला काय माहीत?"

परतताना गाडीपाशी बंदूक रिकामी करायची. भरलेली गाडीत ठेवली तर शिकारीवर लक्ष ठेवणारा वॉर्डन पकडतो. रिकामी करायची रीत एकच: कडी खाली-वर, खाली-वर, प्रत्येक वेळी एक काडतूस उडून बर्फात पडतं. लॉरेट चापापासून बोट लांब ठेवून, नळी शेताकडे करून, दात आवळून कडी ओढायची. काडतुसं बर्फात रुतायची. आल्सीद ती वेचायचा. मग कडी मोकळी जायची, काही यायचं नाही. ती आणखी एकदा ओढायची. काही नाही.

"संपली," तो म्हणायचा. "बास. तिला काय पान्हा फुटणार आहे?"

त्या संध्याकाळी कडाका असा होता की नाकातले केस चिकटत होते. कडी मोकळी गेली. तिनं पुन्हा ओढली. पुन्हा काही नाही. आल्सीदनं बर्फ चाचपला.

"एक कमी आहे, रुतलंय कुठेतरी. मला वाटतं मी एक जास्त भरलं होतं. जाऊ दे. वसंतात सापडेल."

बंदूक ओसरीबाहेरच्या सरपणाच्या खोपीत, खिळ्यांवर गेली.

उबेत

दुसऱ्या दिवशी लॉरेटला बटाट्याच्या कोठारात काम होतं. जमिनीत अर्धं गाडलेलं कोठार. पट्ट्यावरून बटाटे येतात, सडका बाजूला, हिरवा बाजूला, चांगला पोत्यात. शेजारची रोलांद सांगत होती की तिच्या नवऱ्यानं शिंगवाला पाडला, आणि आता तो स्वतःच शिंगं आल्यासारखा घरात फिरतो, दारातून वाकून जातो. बायका हसल्या. लॉरेटही हसली.

अंधारून आलं तेव्हा ती घरी पोचली. खोपीपाशी बूट आपटताना तिनं सवयीनं वर बघितलं.

दोन खिळे.

फक्त खिळे.

तिनं दार उघडलं. चूल लाल होती. आल्सीद चुलीला पाठ करून, शर्टाच्या बाह्या वर करून, मांडीवर बंदूक घेऊन बसला होता. टेबलावर तेल, फडकं. टेबलाखाली गिलेन जुन्या कॅटलॉगातल्या कोटवाल्या बायका कात्रीनं कापत होती.

"दार लाव," आल्सीद म्हणाला. त्याचे गाल लाल झाले होते, आठवड्यांत पहिल्यांदा. "बघ. दुपारपासून सराव करतोय. डाव्या हातानं कडी, आणि दस्ता या कोपरात. उद्या मी येतो. तू नुसती बस."

"ती घरात का आणलीस?"

"बाहेर बोटं चालत नाहीत. घाम पुसून घेईन. बघ तर—"

"आल्सीद, नळी."

"रिकामी आहे. तूच रिकामी केलीस." तो तिच्याकडे बघत हसला आणि तिच्याकडेच बघत त्यानं कडी ओढली, खाली, वर, सफाईनं, आणि घोडा उभा राहिला, आणि दस्ता कोपरात धरायचा तर नळी खाली झुकणारच होती, ती झुकली, टेबलाच्या पायाकडे, कागदी बायकांकडे, पोरीच्या केसांच्या भांगाकडे, आणि अंगठा नसलेल्या माणसाला घोडा खाली आणायची एकच रीत असते, रिकाम्या बंदुकीची, चाप ओढून टाकायचा, नुसता टक्क आवाज येतो, तो दुपारपासून तेच करत असणार, टक्क, टक्क, त्याचं बोट चापाकडे गेलं आणि लॉरेटला काहीच माहीत नव्हतं, चरबीचं नाही, स्प्रिंगचं नाही, तिला फक्त म्हातारीची नजर आठवली, आणि ती बूट, बर्फ, कोटासकट टेबलावरून गेली, तेल सांडलं, तिनं नळी दोन्ही हातांनी छताकडे उचलली आणि नवऱ्याच्या तोंडावर कोपर मारलं.

"वेडी झालीस का!"

खुर्ची मागे पडली. बंदूक तिच्या हातात आली. घोडा उभाच होता. तिनं ती दाराबाहेर, अंधाराकडे केली, आणि कडी खाली ओढली.

काडतूस उडालं, उंबऱ्यावर आपटलं आणि गोल गोल फिरत थांबलं.

गिलेन टेबलाखालून बाहेर येऊन आईला म्हणाली, "मामाँ, ते मी घेऊ?"

आल्सीदच्या ओठातून रक्त येत होतं. तो काडतुसाकडे बघत होता. मग त्यानं ते उचललं. बोटांना चरबी लागली, मऊ, कोमट. त्यानं बोटं चोळली, पुन्हा चोळली.

"थंडीत थिजते," तो म्हणाला. आवाज त्याचा नव्हता. "आतल्या नळीत धरून ठेवते. शेवटचं. आणि इथे..." त्यानं चुलीकडे बघितलं. मग टेबलाखाली बघितलं. आणि मग तो उठून बाहेर गेला. बर्फात ओणवा होऊन ओकल्याचा आवाज आला.

मादामच्या दारात

सकाळी लॉरेट एकटीच गेली. बंदूक गोणपाटात गुंडाळलेली.

"परत घ्या."

"नाही," मादाम युडॉक्सी उंबऱ्याच्या आतून म्हणाली. "लाकूड रचून झालंय. व्यवहार झाला."

"मग मी नदीत टाकते."

"टाक. तुझी आहे." म्हातारीचे डोळे तिच्या चेहऱ्यावर फिरले. "घरात नेली."

"त्यानं नेली."

मादामनं दाराची चौकट धरली. "पोर?"

"ठीक आहे. सगळे ठीक आहेत. आदल्या दिवशी मी स्वतः रिकामी केली होती, मादाम. दोनदा ओढून बघितली होती. चरबी थिजून शेवटचं काडतूस आत अडकलं. चुलीपाशी सुटलं. त्याला वाटत होतं रिकामी आहे."

खोपीतल्या लाकडांतून बर्फाचं पाणी ठिबकत होतं.

"तो काय करत होता?" तिनं विचारलं. "तुझा. तेव्हा."

"मला दाखवत होता. हसत होता."

"हसत होता."

"हो."

मादाम उंबऱ्यावर बसली, सत्तर वर्षांची बाई, बर्फात पाय सोडून, पोरीसारखी.

"मी सांगितलं होतं त्यांना," ती म्हणाली. "शेरीफला सांगितलं, त्या वेळच्या फादरला सांगितलं. ओव्हीद हसत होता. मी चहा ओतत होते आणि तो म्हणाला, युडॉक्सी, बघ, दुकानाची बंदूक पण कशी लोण्यासारखी चालते. हसत होता. असं कुणी करतं का हसत हसत? तर फादर म्हणाले, बाई, दुःखात माणसाला काहीबाही आठवतं." तिनं नाक पुसलं. "मग मलाही वाटायला लागलं की नसेल हसत. इतकी वर्षं मी चूल पेटवताना विचार करते. नसेलच हसत. माझंच काही चुकलं असेल. सूप खारट झालं असेल."

लॉरेट तिच्या शेजारी बसली. दोघींच्या मध्ये गोणपाट होतं. कुणालाच ते जवळ नको होतं.

"आणि तरी तुम्ही ती आम्हाला दिलीत," लॉरेट म्हणाली.

"तुझ्या घरात मांस नव्हतं," मादाम म्हणाली. "आणि मी म्हटलं होतं ना, थंडीत ठेव. मला कारण माहीत नव्हतं. कारण माहीत नसलं की माणूस नियम करतो."

लॉरेटला राग यायला हवा होता. तो आला, तोंडापर्यंत आला. तिनं गोणपाट उचललं आणि घराकडे चालू लागली.

मोसमाचा शेवटचा शनिवार

आल्सीदनं खालची नळी काढून उकळत्या पाण्यानं धुतली, खोपीत, दारापासून लांब. काठीला फडकं बांधून ती आरपार पुसली. मग पुन्हा पुसली. भरायचं कामही त्यानं तिच्याकडे दिलं. काडतुसं तिच्या तळहातावर ठेवली आणि बाजूला झाला.

देवदारांच्या कडेला वारा पडला होता. शिंगवाला आला तो इतका जवळून, इतका निवांत, की तिला त्याच्या नाकपुड्यांतली वाफ दिसली. मागे नुसता झाडोरा आणि उतार. तिनं घोडा उभा केला. अंगठा होता. बोट होतं. खांद्याला धक्का बसला आणि आवाज नंतर, कुठूनतरी दुसरीकडून आल्यासारखा आला.

हरीण दोन उड्या मारून गुडघ्यांवर आलं आणि आडवं झालं.

आल्सीद धावत आला. "लॉरेट! अगं, काय मारलंस! मानेखाली, थेट! फिलियासला इथे आणून दाखवायला पाहिजे..." तो हरणापाशी थांबून वळला.

ती जागेवरच उभी होती. नळी उताराकडे करून ती कडी ओढत होती. काडतूस उडालं. आणखी एक. मग काही नाही. तिनं पुन्हा ओढली. खालची नळी ठोकून बघितली, फटीत बोट घातलं, पुन्हा ओढली.

"झाली रिकामी," आल्सीद म्हणाला.

ती ओढत राहिली.

"लॉरेट. मी धुतलीय ती. रिकामी आहे."

खाली, वर. खाली, वर. हरणाच्या अंगातून वाफ निघत होती. ती हळूहळू कमी होत गेली. आल्सीदनं चाकू काढला, पुन्हा म्यानात घातला, आणि तिच्याजवळ जायचं की नाही ते न कळून तिथेच, मेलेल्या जनावराशेजारी, हात खाली सोडून उभा राहिला.